दहा श्वासांना एक मणी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका पानावर भात पडायच्या आत विचारतात, "मग, सध्या का करून राह्यला?" ब्रह्मपुरी असो की अहेरी, वरोरा असो की चामोर्शी, आपल्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींचं उत्तर बहुधा एका शब्दाचं असतं. "तयारी." कशाची, हे काका विचारत नाहीत. पोलीस भरतीची, वनरक्षकाची, तलाठ्याची, एमपीएससीची, थोडक्यात जी जाहिरात निघेल तिची.

हा शब्द ऐकला की मला काळजी वाटते. कष्टात कुणी कमी पडतं म्हणून नाही. पहाटे पाचच्या काळोखात रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं मी रोज पाहते, त्यांचे बूट कितव्यांदा शिवलेत तेही दिसतं. काळजी याची वाटते की 'तयारी'ला सुरुवात असते, शेवट नसतो, आणि आज आपण कुठवर आलो हे तयारी करणाऱ्यालाही सांगता येत नाही. चार वर्षं अशीच जातात. वय निघून जातं आणि मुलगा स्वतःला नालायक ठरवून मोकळा होतो. काय गाठायचं ते मोजता येईल असं त्याने कधी मांडलंच नव्हतं, एवढीच त्याची चूक असते.

मोजण्याचा विषय निघाला की मला आपल्याच जिल्ह्यातली एक साधी वस्तू आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावी नोंदी घेतल्या तेव्हा, १९८८ मध्ये, जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्यांतली बरीच न्यूमोनियाने जात. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या दाईला बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग तिच्यासाठी एक साधन तयार केलं गेलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे, उपचार सुरू. पुढे गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून शिकल्या, घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. ३९ गावांतल्या या कामाचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २००३ पर्यंत तिथला बालमृत्यूचा आकडा १२१ वरून ३० वर आला होता.

बालमृत्यू थांबवणं हे केवढं मोठं काम. पण दाईच्या हातात आलं ते एवढंच, दहा श्वासांना एक मणी. तेवढं तिला जमत होतं, आणि जमलं की नाही ते तिचं तिला कळत होतं. कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं. ध्येय कागदावर उतरवताना मी मुलांना हेच विचारते. तुझा मणी कोणता?

पोलीस भरतीचंच घेऊ, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पावलं त्याच वाटेवर आहेत. अलीकडच्या भरत्यांच्या नियमांत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोहोचलात तर २० पैकी २० गुण मिळतात. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. तुमच्या वर्षीच्या जाहिरातीत हे आकडे पुन्हा तपासून घ्या. आता "मला भरती व्हायचं आहे" हे वाक्य कसं मोजणार? पण ४०० मीटरच्या चार फेऱ्या ३१० सेकंदांत, म्हणजे एक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत, हे मोजता येतं. आज तुम्हाला एका फेरीला ९५ सेकंद लागत असतील तर साडेसतरा सेकंद कमी करायचे आहेत. महिन्याला चार सेकंद धरले तर जवळजवळ साडेचार महिने. गावात मैदान नसेल तर दोरीने शंभर मीटर मोजा, दोन टोकांच्या झाडांना चुन्याची खूण करा आणि दर रविवारी मोबाइलवर वेळ लावा. वहीत तारीख आणि सेकंद, एवढंच लिहा. तीन रविवार आकडा हलला नाही, तर कुठे चुकतंय ते त्याच महिन्यात कळतं. भरतीच्या मैदानावर कळून उपयोग नसतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट उघडी पडते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. तरीही रोज दोन तास धावणारी कितीतरी मुलं अंकगणिताचं पुस्तक आठवड्यातून एकदा उघडतात. कारण धावताना गावाला दिसतं, गणित सोडवताना दिसत नाही. गडचिरोलीच्या भरतीत तर गोंडी-माडिया भाषेच्या ज्ञानाचीही परीक्षा झालेली आहे. शाळेत जी घरची भाषा बोलायला मुलं लाजत होती, तीच इथे गुण मिळवून देते.

मणी ओवायच्या आधी दोरा कुठला, हे मात्र ठरवावं लागतं. आणि इथे आपल्या मुलांची खरी अडचण सुरू होते. आश्रमशाळेतल्या नववीच्या वर्गात विचारा, मोठेपणी कोण होणार? शिक्षक, पोलीस, डॉक्टर, कलेक्टर. पाचवं नाव यायला वेळ लागतो. मुलांची बुद्धी तोकडी आहे असं मुळीच नाही. पगार घेणारी जी माणसं गावात येतात ती एवढीच असतात, म्हणून नावंही तेवढीच सुचतात.

म्हणून ध्येय ठरवण्याचा पहिला महिना मी काहीही न ठरवण्याचा धरते. त्या महिन्यात फक्त पाहायचं. आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या तालुक्यात कोण कोणतं काम करून घर चालवतो, याची यादी करायची. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात इंजिनिअर असतात तसे फिटर, वेल्डर आणि पाण्याची चाचणी करणारे रसायनशास्त्राचे पदवीधरही असतात. राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी आहेत, तिथे सर्वेक्षक लागतात, सुरक्षेची परीक्षा पास झालेली माणसं लागतात. कोनसरीला लोहपोलादाचा कारखाना उभा राहिला आहे. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिथे डॉक्टर असतात तिथे परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते, नोंदी ठेवणारे असे कितीतरी जण लागतात. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सिंदेवाहीला भाताचं संशोधन होतं. ताडोब्याच्या प्रवेशद्वारांवर गाइड म्हणून काम करणाऱ्या गावच्या मुली आहेत, त्यांना पक्ष्यांची नावं तीन भाषांत सांगता आली तर पर्यटक त्यांना नावाने मागतात.

आणि झाडीपट्टीची रंगभूमी. वडशाला दिवाळीनंतर नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते ती होळीपर्यंत. नट-नट्यांबरोबर वादक, नेपथ्य लावणारे, प्रकाशयोजना पाहणारे, पोस्टर करणारे, गाड्या चालवणारे, किती घरं त्यावर चालतात ते मोजून पाहा. याच रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांच्या यादीत हे काम का नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

यादीतल्या किमान पाच माणसांना प्रत्यक्ष भेटा. तीनच गोष्टी विचारायच्या. तुम्ही इथवर कसे आलात? पहिल्या वर्षी महिन्याला हातात किती पडत होते? आणि पुन्हा अठरा वर्षांचे झालात तर हेच निवडाल का? तिसऱ्या प्रश्नावर माणूस थोडा थांबतो. त्या थांबण्यानंतर जे बोलतो ते कुठल्याही मार्गदर्शन शिबिरात ऐकायला मिळत नाही.

याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो, तो आतला. 'सर्च'ने २००६ पासून शोधग्रामात तरुणांसाठी 'निर्माण' नावाची शिबिरं चालवली आहेत, महाराष्ट्रभरची मुलं त्यांसाठी आपल्या जंगलात येतात. आयुष्यात काय करायचं, आणि कशासाठी, हा तिथला गाभ्याचा प्रश्न. शहरातल्या मुलाला त्यासाठी गडचिरोली गाठावी लागते. तुमच्या तर तो अंगणात आहे. गावात कोणती गोष्ट पाहून तुमचं पोट ढवळतं? बहिणीला बाळंतपणासाठी ट्रॅक्टरवरून न्यावं लागलं ते? तेंदूच्या हिशेबात आजोबा फसले ते? दारू? तुम्हाला काय छान जमतं याबरोबर तुम्हाला काय सहन होत नाही हेही लिहा. ही दोन उत्तरं जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या कामात माणूस लवकर थकत नाही, हे मी पुष्कळ मुलामुलींत पाहिलं आहे.

आता वेळेकडे येते. या बाबतीत पुण्या-नागपूरच्या पुस्तकांनी आपल्या मुलांचं फार नुकसान केलं आहे असं माझं ठाम मत आहे. त्या पुस्तकांतलं वेळापत्रक सपाट असतं. रोज आठ तास, बाराही महिने. आपलं वर्ष तसं नाही. मार्चच्या मध्यापासून मोहफूल पडतं, आणि ते पहाटे वेचावं लागतं, उशीर झाला तर गुरं आणि हरणं खातात. एप्रिलच्या अखेरीस आणि मेमध्ये तेंदूपत्ता, सकाळी तोडणी, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणी, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून देणं. ते पंधरा-वीस दिवस घराच्या वर्षभराच्या रोख पैशाचे असतात, तेव्हा घरातला एकही हात रिकामा राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ऑक्टोबरपासून धानाची कापणी, मग बांधणी, मळणी.

आता यावर परीक्षांचं वर्ष ठेवून पाहा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे संपता संपता मोह सुरू. सीईटी एप्रिल-मेमध्ये आणि नीट मेच्या सुरुवातीला, ऐन तेंदूत. प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये, रोवणीच्या चिखलात, आणि तेही पावसाळ्यात, जेव्हा भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो आणि मोबाइलचा टॉवर बंद पडतो. कागदपत्रं अपलोड करायची शेवटची तारीख नेमकी तेव्हाच असते. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण भोगावं आपल्यालाच लागतं. तेव्हा आपलं वेळापत्रक आपणच आपल्या वर्षाप्रमाणे आखायला हवं.

एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडा. आधी घरची कामं लिहा, मग परीक्षा आणि अर्जांच्या तारखा, आणि अभ्यास उरलेल्या जागेत बसवा. सप्टेंबर हा आपल्याकडचा हलका महिना, रोवणी झालेली असते आणि कापणी दूर असते. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी हेही मोकळे. मोठा, अवघड अभ्यास या महिन्यांत ओढून घ्या. तेंदूच्या पंधरवड्यात रोज आठ तास अभ्यास करीन असं लिहूच नका. त्या दिवसांत रोज वीस गणितं, एवढंच धरा आणि तेवढी सोडवाच. नीटचं वर्ष असेल तर घरच्यांशी आधीच, जानेवारीतच बोला, की यंदा तेंदूचे पहिले दिवस मला सुटका द्या, बदल्यात कापणीला मी पूर्ण वेळ येतो. ऐन मेमध्ये मागितलेली सुटका चुकवेगिरी वाटते. जानेवारीत मागितली तर तो करार होतो. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी हेच तर केलं आहे. त्यांनी हंगाम धानाच्या कापणीनंतर सुरू केला, कारण तेव्हा प्रेक्षकाच्या हातात वेळही असतो आणि पैसाही.

आता दाखल्यांबद्दल सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण माझं स्वतःचं एक वर्ष यात गेलं. प्रवेश मिळत होता, गुण होते, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हातात पडलं नाही. शाळेच्या दाखल्यावर माझ्या वडिलांचं नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं होतं. ते दुरुस्त करण्यात पावसाळा गेला. आजही दर वर्षी हेच दुःख घेऊन मुलं येतात.

आपल्यापैकी बहुतेकांना राखीव जागेवर अर्ज करायचा असतो. त्यासाठी जातीच्या दाखल्याइतकंच वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते लागतं ते त्याच पावसाळ्यात. त्याचा अर्ज अकरावीतच करायचा, बारावीच्या निकालाची वाट पाहायची नाही. पुरावे जुने लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीपासून घराणं इथे राहत होतं आणि जात तीच होती, हे दाखवावं लागतं. म्हणजे आजोबा-पणजोबांचे कागद शोधायचे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसील कचेरीतली कोतवाल पंजी, जमिनीचे जुने हक्कनोंदीचे कागद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा गेले असतील, त्यांचा चालतो, फक्त वंशावळीत नातं नीट दाखवावं लागतं. घरात सख्ख्या काकांच्या मुलाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत सोन्यासारखी जपा, तुमचं काम तिने खूप हलकं होतं.

आणि नावं. आधारवर मडावी, शाळेत मडावे, बँकेत आणखी काही. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि एका अक्षराने अडकतात. या सप्टेंबरच्या हलक्या महिन्यात सगळे कागद एका जागी पसरा, प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर, यांच्या मुदती कॅलेंडरवर लिहा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आणि जमातीच्या मुलांना स्वयम् या योजना आहेत, त्यांची चौकशी प्रवेश घेतानाच करा. हे सगळं ध्येयाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण आपल्याकडे स्वप्नं बुद्धीअभावी कमी मोडतात, कागदाअभावी जास्त.

कर्ज काढून शिकवणी लावण्याबद्दल मी कठोर आहे. पुण्यात किंवा नागपुरात जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायची असेल, तर आधी घरी बसून मागच्या वर्षाचा एक पेपर घड्याळ लावून सोडवा. तीन महिने गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात अभ्यास करून दुसरा सोडवा. पहिल्यापेक्षा दुसऱ्या पेपरात गुण वाढलेले दिसले तर जा. बैलजोडी विकायला लावण्याआधी वडिलांना एवढा पुरावा मिळायला हवा. आणि जाताना परतीची तारीखही कागदावर लिहून जा. किती प्रयत्न, किती वर्षं, वयाच्या कितव्या वर्षापर्यंत. ही तारीख निराशेच्या दिवशी ठरवता येत नाही, उमेदीच्या दिवशीच ठरवावी लागते. तोवर दुसरा दोरा तुटू देऊ नका, पदवी पूर्ण करा, एखादं आयटीआयचं काम, संगणकाचं काम हाताशी ठेवा.

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या दहा मुलामुलींचा चमू 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर गेला. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोहोचले. त्या पाचांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र उरलेल्या पाचांबद्दलही तेवढाच आदर वाटतो. आपल्या आश्रमशाळांतून निघून ती हिमालयात इतक्या उंचावर गेली आणि सुखरूप घरी आली. चढणाऱ्याला कुठून मागे फिरायचं हे कळणंही त्याच शिक्षणाचा भाग असतं.

काही ध्येयांना मात्र तारीख घालता येत नाही, तिथे घाई केली तर बीच मरतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, निवडल्या, पुन्हा लावल्या. वर्षाला एकच पीक, म्हणजे वर्षाला एकच संधी. सात वर्षांनी, १९९० मध्ये, तो तांदूळ बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज तो भात किती ताटांत असतो ते तुम्हीच पाहता. दादाजींनी पुढे आणखीही वाणं काढली, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण २०१८ मध्ये गेले तोवर पैशाची ओढाताण त्यांच्या घरातून गेली नव्हती. ही गोष्ट अर्धी सांगितली तर ती मुलांची फसवणूक होईल. नवं काही उभं करायचं ध्येय असेल, शेतीत, बांबूत, मोहाच्या पदार्थांत, तर पहिली ओंजळ छोटी असू द्या, हंगामामागून हंगाम नोंदी ठेवा, आणि त्याच वहीत दुसरा रकाना पैशाचा ठेवा. हक्क कसा नोंदवायचा, भाव कोण ठरवणार, घर कशावर चालणार. नव्या वाणांवर शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदा देशात २००१ पासून आहे, तो वाचा.

जायचं की राहायचं, या प्रश्नाने पुष्कळ मुलं रात्रभर जागतात. गाव सोडणारा कृतघ्न आणि गावात राहणारा हरलेला, असं दोन्हीकडून ऐकावं लागतं. दोन्ही खोटं आहे. लालसू नोगोटी हेमलकशाच्या लोकबिरादरीच्या शाळेत शिकले, पुढे पुण्यात जाऊन कायदा शिकले, माडिया समाजातले पहिले वकील झाले, आणि २०१७ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यांचं जाणं येण्यासाठीच होतं. उलट धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने जागचं न हलता देशाला शिकवलं. २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आता अशा ग्रामसभांना हिशेब ठेवणारी, नकाशा वाचणारी, निविदा काढणारी, जंगलाचा आराखडा करणारी मुलं हवी आहेत. ही नोकरी जाहिरातीत येत नाही. पण वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या मुलीने ती गावात जाऊन मागितली तर नाही म्हणणारी ग्रामसभा मला अजून भेटलेली नाही.

मेंढा-लेखाकडून आणखी एक गोष्ट घ्या, अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे रुजवलेली ही रीत. निर्णय घ्यायच्या आधी त्या विषयाचा मिळून अभ्यास करायचा. तुमच्या ध्येयालाही चौघांचा अभ्यासगट हवा. चौघांची ध्येयं वेगळी असली तरी चालतील. पंधरा दिवसांतून एकदा, मोबाइल बाजूला ठेवून, प्रत्येकाने वही उघडायची आणि आपले मणी मोजून दाखवायचे. टिंगल नाही, उपदेश नाही, फक्त आकडे. ज्याचा आकडा थांबला त्याला उरलेल्या तिघांनी विचारायचं, कशाची मदत हवी? गोटूलची आठवण असलेल्या समाजाला एकत्र बसायला शिकवावं लागणार नाही.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. बारावी झाली की स्थळं यायला लागतात आणि तुमच्या ध्येयावर घरात तुमच्याशिवाय सगळे बोलतात. अशा वेळी "मला शिकायचं आहे" एवढंच म्हटलं की बाबा म्हणतात, किती दिवस? याचं उत्तर तयार ठेवा. नर्सिंगचा अभ्यासक्रम किती वर्षांचा, शुल्क किती, शिष्यवृत्तीतून किती सुटतं, वसतिगृह कुठलं, तिथे आणखी कुणाची मुलगी आहे, नोकरी लागायला किती वर्षं. एका पानावर लिहून ते पान बाबांच्या हातात द्या. बाबांचा विरोध पुष्कळदा शिक्षणाला नसतो, अंधाराला असतो. पान हातात आलं की ते काकांना दाखवतात, मामांना दाखवतात. वाद तुमच्याशी राहत नाही, कागदाशी होतो, आणि आकड्यांनी भरलेल्या कागदाशी वाद घालणं माणसांना जड जातं.

हा कागद नंतर कपाटात जाऊ देऊ नका. दाराच्या मागे, जिथे घरचं कॅलेंडर लटकतं, तिथेच लावा. आईला वाचता येत नसेल तर शेजारी भिंतीवर रेघा ओढा, जितके दिवस ठरलेलं काम झालं तितक्या रेघा, आणि आठवड्याची सातवी रेघ लाल खडूची. शेण-मातीची भिंत असेल तर कोळसा चालतो. रोवणीवरून चिखलाचे पाय घेऊन ती दारात येईल, भिंतीकडे पाहील, आणि रेघा कमी दिसल्या तर तीच विचारेल, "काल का नाही काढली गा?"